भिंतीकडं तोंड, कानात कापूस

मास्तरले मी पयल्यांदा पाहिलं तवा त्यायच्या दोन्ही कानात कापूस होता.

लकडगंजात लाकडाच्या टालीमांगं एक लंबी खोली होती, तिथी त्यायचा लग्नाचा बॅन्ड. भिंतीले लाल कोट टांगलेले, खाली ढोल, झांजा, अन् मधात खुर्चीवर मास्तर. मी सावनेरकडचा. गावात काम नाही म्हणून आलो होतो. दारात उभा राहून सांगत सुटलो, "मास्तर, मले वाजवता काहीच येत नाही जी, पण शिकतो. चौथी दोनदा केली. तिसऱ्यांदा गुरुजीच हात जोडून म्हणे, आता तू घरी राहा अन् मले जगू दे. पण मेहनतीले मी भारी हाय..." असा बराच येळ बोल्लो. मास्तर मले खालून वर, वरून खाली पाहत राहिले. मंग म्हणे, "जरा फिर. आता इकडं पाहा. हास. बस, ठेवला तुले."

मी म्हटलं, "पण मी आत्ता जे सांगतलं..."

त्यायनं एका कानातून कापूस ओढला. "काय म्हणे?"

हा त्यायचा नेम होता. बॅन्डमध्ये दोन तऱ्हेची माणसं लागतात, वाजवणारी अन् दिसणारी. वाजवणारा काम मांगाले आला का मास्तर भिंतीकडं तोंड करून बसत अन् म्हणत, वाजव. पसंत पडला का पाठ न फिरवता हात वर. अशात एकदा एक ढोलवाला पसंत केला, वळून पाहतात तं सख्खा साळा. त्याच्याशी बोलणं बंद होतं. पण हात वर झाला होता, तो खाली कसा घेणार? ठेवला. बोलणं मातर बंदच. "ढोल जोरात" म्हणाचं असलं का मलेच सांगत, "त्याले सांग." तो बाजूलेच उभा राहे.

अन् दिसणारा आला का कानात कापूस.

"वाजवणाऱ्याले पाहाचं नाही, दिसणाऱ्याले आयकाचं नाही," ते म्हणत. "डोळा बदमाश हाय गा. त्याले पयला घास देल्ला का तो आख्खं ताट उष्टं करते."

आता मी दिसणाऱ्यात काहून गेलो ते सांगतो, म्हणजे मले माह्याच तोंडानं माह्या तोंडाची तारीफ करावी लागंन. देवानं माह्या चेहऱ्यावर खूप मेहनत घेतली. उंची देल्ली, नाक देल्लं, रंग देल्ला, कुरळे केसं देल्ले. मंग थकला बिचारा, डोक्यात काही भराच्या आधीच झोपला. बँकेत गेलो का गार्ड उभा राहे. एकदा तं मॅनेजर स्वतः बाहेर आला, म्हणे, "साहेब, इन्स्पेक्शन आजच हाय काय?" मी म्हटलं, "नाही जी, अंगठा कुठी लावाचा ते विचाराचं होतं." सही येते मले, पण दरवेळी सारखी येत नाही. आईले घेऊन सरकारी दवाखान्यात गेलो तं लाईनीतल्या चार बायका माह्यापुढं जीभ काढून उभ्या झाल्या. मी बी पाहून घेतल्या. म्हटलं आता एवढ्या आशेनं काढल्या तं नाही कसं म्हणाव?

आई म्हणे, "तू तोंड मिटलं का कलेक्टर, अन् उघडलं का कंडक्टर." कंडक्टर तरी झालो असतो तं बरं झालं असतं, त्याले पगार हाय.

मास्तरचं सगळं उलटं. बुटकं अंग, टक्कल, एक डोळा कामठीकडं अन् एक उमरेडकडं. दात असे का ओठ मिटाचे म्हणजे आधी दातायची परवानगी घ्या. नवीन माणूस त्यायले पाहून पयले आपला खिसा चाचपे. अन् त्या माणसानं सॅक्सोफोनले तोंड लावलं का टालीवरचे हमाल खांद्यावरचं लाकूड घेऊन तशेच उभे राहत. ओझं हाय हे विसरून जात.

पण वरातीत मास्तर कोणाले दिसत नव्हते. समोर आम्ही दिसणारे, चमकते बाजे धरून. मधात ढोल-झांजा. सगळ्यात मांगं जनरेटरचा ठेला, अन् ठेल्याच्याही मांगं मास्तर. माईक ठेल्याले बांधलेला. आवाज निघे तो समोरच्या भोंग्यातून, बरोबर माह्या डोक्यावरून. लोकायले वाटे हा गोरागोमटा पोरगाच वाजवून राहिला. मास्तर एक कोपर ठेल्याले टेकवत अन् डोळे मिटून वाजवत चालत. ठेला जाईन तिकडं मास्तर.

सॅक्सोफोन दोन होते. मास्तरचा काळा पडलेला, पोचे आलेला, त्याच्या चाब्या सायकलच्या ट्यूबच्या रबरानं बांधलेल्या. माह्या हातातला सोन्यासारखा. रोज राखेनं अन् लिंबानं घासाचं माह्याकडंच होतं. तो आतून मेलेला होता. मास्तर म्हणत, "तुमची जोडी बरोबर जमली गा."

"फुकाचं नाही," हा एकच कायदा. "गाल फुगव, डोल, भुवया वर कर. पण हवा आतच ठेव."

मी एकदा विचारलं, "मास्तर, तुम्ही समोर काहून येत नाही?"

हासले. म्हणे, "आलो होतो ना. नवीन बॅन्ड होता, मी सगळ्यात पुढं. नवरदेवाची आत्या घोडीसमोर आली अन् म्हणे, वं माय, हे थोबाड काहून समोर ठेवलं? वरात हाय का भूत काढून राहिले? सगळे हासले. मी बी हासलो. मंग मांगं गेलो, पाहतो तं तिथी हवा चांगली लागे. राहिलो."

हे सांगताना ते खरंच हासत होते. डोळे दोन दिशेले असल्यानं खरं कोणत्या डोळ्यात पाहाव ते मले कधीच समजलं नाही.

त्यायचं लग्नही असंच. पोरगी पाहाले गेले अन् पोरीकडं पाठ करून बसले. पोरीचा बाप म्हणे, "पाव्हणे, पोरगी इकडं हाय." मास्तर म्हणे, "माहीत हाय जी. तिले म्हणा काहीतरी बोल." पोरगी म्हणे, "बाबा, याले दवाखान्यात दाखवलं काय कोणी?" मास्तर तशेच भिंतीकडं पाहून म्हणे, "पसंत!"

मास्तरीणबाई हे सांगताना पदर तोंडाले लावत. "मी बी पाठच पाहून हो म्हटलं गा. पाठ सरळ होती. तोंड पाहिलं ते थेट मांडवात. तवा हार घालाले हात वर गेला होता, आता खाली कसा घेऊ?"

तं त्या घरात हात वर गेला का खाली येत नसे.

संत्री घ्याची असली तरी मास्तर डोळे मिटून घेत. हातात तोलत, नाकाजवळ नेत. दुकानदार विचारे, "आंधळे हाय काय जी?" मास्तर म्हणत, "बाजारापुरता." अन् आणत ती संत्री अशी का वरून फोफशी, डाग पडलेली, मी तं ढोरायले टाकली असती. सोलली का साखर. मंग मी बी डोळे मिटून किलोभर आणली. घरी पाहतो तं त्यात दोन लिंबं अन् एक कांदा.

कायदा मी एकदाच मोडला. सॅक्सोच्या तोंडात, म्हणजे जिथून आवाज निघते त्या मोठ्या तोंडात, मी तंबाखू-सुपारीच्या खर्र्याची पुडी ठेवत होतो. जागा बी होती अन् कोणी मांगत बी नव्हतं. एका वरातीत मास्तरनं अशी काही तान घेतली का मले भानच नाही राहिलं. मले वाटलं मीच वाजवून राहिलो. अन् मी फुकलं, पोटापासून! म्हैस रेडकाले हाका मारते तसा आवाज निघाला. पुडी उडाली, सगळा खर्रा व्याह्याच्या पांढऱ्या सफारीवर. घोडी बसली खाली. घसरता घसरता नवरदेव माह्या गळ्यात पडला. लोकायले वाटलं आमची जुनी दोस्ती हाय, त्यायनं टाळ्या वाजवल्या.

मास्तर नंतर एवढंच म्हणे, "आज तुयं पयल्यांदा आयकलं गा. मी एकटाच कापूस घालत होतो, ती माही चूक झाली. वरातीले वाटाव लागंन."

आता खरी गोष्ट.

माहं लग्न जमत नव्हतं. आयकणाऱ्याले हासू येते, पण आईच्या डोळ्याले पाणी येत होतं. दर ठिकाणी तेच. मी बसलो का पसंत, बोल्लो का नापसंत. एका घरी तं पोरीच्या बापानं मिठाईचा डबा आणाले पोरगा पाठवला, तेवढ्यात मी काहीतरी बोल्लो, तं पोराले रस्त्यातूनच वापस बोलावलं.

अशात हुडकेश्वरच्या एका वरातीत मी गाल फुगवून डोलून राहिलो होतो, तं एक पोरगी समोर आली. हातात पेढ्यायचा डबा. म्हणे, "घ्या ना." आता कोणी खाले देल्लं अन् मी नाही म्हटलं असं झालं नाही. सॅक्सो काखेत धरला, पेढा तोंडात टाकला, अन् तसाच डोलत राहिलो. पोरगी हासली. पेढा पोटात गेला, पण ते हासणं कानातच राहिलं. रात्री खोलीवर गेलो, कान झाडला, तरी जाईना.

चार दिवसांनी त्याच पोरीचे बाबा लकडगंजात हाजर. पोस्टातून रिटायर झालेले, इस्त्रीचा शर्ट. मले पाहून म्हणे, "अशी कला अन् असं रूप एका ठिकाणी कधी पाहिलं नाही जी. आमची पोरगी हाय. ती म्हणते, एकदा घरी येऊन वाजवून दाखवा, मंग पुढचं बोलू."

ते गेले. मी ढोलावर बसलो. ढोल फुटला, पण कोणी रागावलं नाही, एवढं माहं तोंड उतरलं होतं.

"मास्तर, गेलं जी. हे बी गेलं."

"पोरगी दिसाले कशी हाय?" मास्तरनं विचारलं.

मी आठवून पाहिलं. "ते ध्यानात नाही जी. हासते मातर... कसं सांगू... झांज वाजल्यावर मांगं जे राहते ना, तसं."

मास्तर उठून उभे राहिले. "तू कानानं पसंत केली?"

"तसंच झालं वाटते."

"मंग मी येतो," ते म्हणे. "तू धर, मी वाजवतो. बाकी जे होईन ते होईन."

रविवारी आई, मी अन् मास्तर हुडकेश्वरले गेलो. मले पाहून पोरीचे बाबा फाटकापर्यंत आले. मास्तर मांगून काळी पेटी घेऊन ऑटोतून उतरले, तं बाबा त्यायले म्हणे, "ड्रायव्हर साहेब, तुम्ही इकडं आंगणात बसा, चहा पाठवतो."

मी तोंड उघडलं. मास्तरनं डोळा मारला, कोणता ते माहीत नाही, अन् म्हणे, "हो जी, सावलीतच बसतो."

मले गादीची खुर्ची, काचेचा कप. मास्तरले खिडकीबाहेर कडुलिंबाखाली बादली उलटी करून देल्ली अन् स्टीलचा गिलास. आमच्या कामाले ते बरोबरच होतं, खिडकी उघडीच होती. पण त्या दिवशीचा चहा मले गोड नाही लागला. साखर तं तीन चमचे होती.

पोरगी आली, बसली. मले पाहिलं अन् खाली पाहून ओठ दाबले.

"वाजवा जी," बाबा म्हणे.

मी उभा राहिलो. चमकता सॅक्सो धरला, खिडकीकडं पाठ केली, गाल फुगवले. बाहेरून मास्तरनं सुरू केलं. अन् काय सांगू बाप्पा! माईक नाही, भोंगा नाही, नुसता आवाज घरात आला अन् बसला. पोरीच्या आईचे डोळे भरले. बाबा म्हणे, "पाहा, पाहा, आवाज कसा चारी बाजूनं येते!" माही आई मान खाली घालून देवाचं नाव घेऊन राहिली होती. मी डोललो. भुवया वर केल्या. सगळं जमून राहिलं होतं.

तेवढ्यात पोरीची आई उठली अन् बालुशाईचं ताट माह्यापुढं धरलं. "घ्या ना."

आता सांगा, मी काय कराव? इतक्या वर्षाची सवय. सॅक्सो काखेत गेला, बालुशाई तोंडात गेली, अन् मी तसाच डोलत राहिलो.

अन् सॅक्सोफोन वाजतच राहिला.

बाबायनं माह्या तोंडाकडं पाहिलं, काखेकडं पाहिलं, मंग छताकडं पाहिलं. मले समजलं, पण बालुशाई एवढी मोठी होती का ना गिळता येई ना बोलता. खिडकीबाहेर मास्तरचे डोळे मिटलेले, त्यायले काय माहीत? ते आता कुठी रंगात आले होते. आम्ही सगळे आपले उभे. गाणं संपेना, बालुशाई संपेना.

पोरीले हासू फुटलं. तेच, झांजेच्या मांगचं. ती उठली अन् सरळ आंगणात गेली. मास्तरसमोर उभी राहिली ते गाणं संपेपर्यंत. मंग म्हणे, "काका, तुम्ही आत या. मले वाजवणाऱ्यालेच पाहाचं होतं."

मास्तर आत आले. तिनं त्यायले माही गादीची खुर्ची देल्ली.

बाबा म्हणे, "हे काय? तुमचा ड्रायव्हरही वाजवते काय?"

"बाबा, तेच वाजवतात," पोरगी म्हणे. "हे नुसते धरतात. वरातीत मी यायले पेढा देल्ला, यायनं खाल्ला, अन् गाणं थांबलं नाही. म्हणून तं म्हटलं घरी बोलवा, मंग खऱ्याले आणाच लागंन. आईले मीच सांगतलं होतं, रंगात आलं का ताट पुढं कर."

बाबायचा चेहरा लाल. "ही फसवणूक झाली! एवढं चांगलं दिसणारं पोरगं..."

"चेहऱ्याचं मले नका सांगू बाबा," ती म्हणे. "मी पार्लरात काम करते. रोज चेहरे लावते अन् पुसते."

माह्या आईनं पिशवी उचलली. मी बी उठलो. एवढी नापसंती मी कमावली होती, पण ही पयली होती जी इथी दुखली. छातीवर हात ठेवतो तं तिथी अजून बालुशाईच अडकलेली.

"थांबा जी," मास्तर म्हणे. "फसवलं मी. हे डोकं याचं नाही, तेवढं याच्याजवळ नाहीच. पण साहेब, तुम्ही याले पाहून घरात घेतलं अन् मले पाहून बाहेर बसवलं. मी तं याले दोन वर्षापासून कानात कापूस घालूनच ठेवलं. म्हणजे याले धड कोणी आयकलंच नाही. एक काम करू. सगळे भिंतीकडं तोंड करून बसू. याले बोलू द्या. नाही जमलं तं आम्ही निघतो."

"हा काय येडेपणा हाय?" बाबा म्हणे.

पोरीनं मातर आपला स्टूल फिरवला अन् भिंतीकडं तोंड केलं. मंग तिची आई फिरली. मास्तर तं फिरलेच होते. माही आई म्हणे, "मी याले रोजच आयकते माय," पण फिरली. राहिले बाबा. सगळ्यायच्या पाठी अन् समोर मी एकटा, त्यायले अवघडल्यासारखं झालं. शेवटी फिरले.

माह्यासमोर पाच पाठी अन् एक कॅलेंडर.

आयुष्यात पयल्यांदा मले कोणी पाहून नव्हतं राहिलं. सॅक्सो खाली ठेवला. पोट आत ओढून उभा होतो, ते सोडलं. केसं बी नाही सावरले. अन् म्हटलं, "मी चौथी नापास हाय. मले वाजवता येत नाही. मले उभं राहता येते, पण ते घोडीलेही येते. एकदा मी फुकलं तवा ती बी बसली."

मंग घोडीचं सांगतलं. खर्र्याचं सांगतलं. बँकेचं सांगतलं. जीभ काढलेल्या बायकायचं सांगतलं, अन् हे बी सांगतलं का त्यातल्या एकीले मी म्हटलं होतं, "काही नाही बाई, पाणी जास्त प्या," तं ती मले पाया पडून गेली. पयले पोरीच्या आईची पाठ हालली. मंग माह्या आईची. मास्तरचं टक्कल लाल होत चाललं. बाबा ताठ बसले होते, कॉलर बी हालू देत नव्हते. मी डोळे मिटून आणलेल्या संत्र्यायचं सांगतलं, त्यातल्या कांद्यापर्यंत आलो, अन् बाबायच्या नाकातून असा आवाज निघाला का कुकरची शिटी समजून पोरीची आई उठाले लागली.

मंग मी थांबलो. सांगाले काही राहिलंच नव्हतं. पोरीची पाठ तेवढी मले दिसे, अन् ती पाठ काय म्हणते ते मले वाचता येईना. तसंही वाचणं माहं काम नाही.

भिंतीकडंच पाहून ती म्हणे, "आखीन सांगा."

मास्तरनं पाठ न फिरवता हात वर केला.

लग्नाच्या वरातीत मी एकच हट्ट धरला, मास्तर ठेल्यामांगं नाही राहणार, सगळ्यात पुढं चालतील. ते नाही नाही म्हणत होते. "अबे, लोक भेतील गा." मी म्हटलं, "मी घोडीवर हाय, लोक आधी मले पाहतील, मंग हासाले वेळ कुठी?" साळ्यानं, त्याच ढोलवाल्यानं, ज्याच्याशी बोलणं बंद होतं, स्वतःच्या हातानं त्यायच्या डोक्यावर झालरीची टोपी ठेवली. मास्तर मले म्हणे, "त्याले सांग, बरोबर बसली." साळा बाजूलेच होता, रडून राहिला होता.

अन् मास्तर पुढं निघाले. काळा सॅक्सोफोन, रबराच्या चाब्या, डोळे मिटलेले. रस्त्यावरची पोरं नाचाले लागली, बाल्कनीतून बाया वाकल्या. कोणी थोबाडाचं नाव नाही घेतलं. पण एक गोष्ट आमच्या कोणाच्याच ध्यानात नाही आली. आजपर्यंत मास्तरले ठेला नेत होता. आता समोर ठेला नव्हता.

हुडकेश्वर रोडले मंगल कार्यालयं एकाले एक चिकटून हायत. मास्तर रंगात आले अन् आमचं कार्यालय सोडून थेट पुढच्याच्या फाटकात शिरले. मांगं ढोल शिरला, ढोलामांगं घोडी, घोडीवर मी. मले समजलं होतं काय? नाही. मी हात जोडून सगळ्यायले नमस्कार करून राहिलो होतो. तिथल्या नवरीची आई आरतीचं ताट घेऊन आली, मले टिळा लावला, ओवाळलं, घोडीवरून उतरवलं. मी पायाही पडलो.

इकडं माही नवरी खोलीत तयार होऊन बसली होती. नंतर तिनं सांगतलं, "सॅक्सोफोन जवळ आला, जवळ आला, अन् मंग दूर जाले लागला. मी भावाले म्हटलं, धाव! मास्तर पुढं हाय, अन् त्यायचे डोळे बंद हाय."

तिचा भाऊ आला तवा मी तिथल्या स्टेजवर बसून सरबत पिऊन राहिलो होतो. सगळी पळापळ झाली. त्या बाईले तिच्या घरचे ओरडले, "अवं, जावई वळखता येत नाही काय तुले?" ती म्हणे, "मले वाटलं फोटोपेक्षा बरा दिसून राहिला, मंग काहून विचाराव?"

आमचं लग्न अर्धा घंटा उशिरा लागलं. त्या दुसऱ्या नवरदेवाले मास्तरनं फुकटात वाजवून देल्लं, मी त्याच्यापुढं जाऊन गळाभेट घेतली. मले पाहून तो बिचारा जरा उदासच झाला. मी तोंड उघडलं अन् दोन वाक्य बोल्लो, मंग खुश झाला.

आता मी हुडकेश्वरलेच राहतो. धंदा मास्तरनंच सुचवला. "तुयं थोबाड लोकायनं खूप पाहिलं, आता आवाज आयकू दे." भाजीवाले, भंगारवाले, गाद्या विकणारे यायच्या गाडीवर जे भोंगे वाजतात ना, त्यात माहा आवाज हाय. सकाळी मी खाटेवर पडलेला राहतो अन् गल्लीतून मीच कांदे विकत जातो. बायको खिडकीतून ओरडते, "आज जरा स्वस्त लावा जी!" अन् हासते.

मास्तरनं बॅन्ड साळ्याले देऊन टाकला, तोंडानं न बोलता, अन् मास्तरीणबाईसंगं आपल्या लग्न झालेल्या पोरीच्या गावाले गेले. रविवारी मी व्हिडिओ कॉल लावतो. त्यायची पोरगी त्यायच्या समोर फोन धरते, अन् ते फोनकडं पाठ करून बसतात.

"बोल," ते म्हणतात. "आयकून राहिलो."

माही लेक दीड वर्षाची हाय. तिनं मास्तरचं तोंड अजून पाहिलं नाही. फोनात ते टक्कल दिसलं का ती टाळ्या वाजवते अन् तिच्या भाषेत काहीतरी सांगत सुटते, मले त्यातलं एक अक्षर समजत नाही. मास्तर चूप राहून सगळं आयकतात. मंग पाठमोराच त्यायचा हात वर जाते.